टरफलांची मोजदाद

३ मार्च

चिऊ,

काल दुपारी तुझ्या वहिनीचं ऑपरेशन झालं. पोटातली गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढायचं होतं तेवढं सगळं काढलं, आता अंगात ताकद भरायची. महिनाभर तरी इथेच. हॉस्पिटलच्या समोर एक खोली घेतली आहे. एक खाट, एक खुर्ची, आणि खिडकीतून तिच्या वॉर्डाची खिडकी दिसते. तेवढं पुरे.

तू शिवणाचं मशीन उचलून आमच्या घरी राहायला गेलीस, त्याबद्दल काय लिहू? तुझं स्वतःचं काय कमी आहे? पण टाक्या दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा धीर होईना. अकरा वर्षांपूर्वी ती एका बादलीतून सहा क्रेफिश, गोड्या पाण्यातले ते नांगीवाले झिंगे, घेऊन आली, तेव्हा तूच हसली होतीस, की वहिनीने विंचू पाळलेत. त्या सहांचं आज हे सगळं झालं. दर पिढीतली शांत, मोठ्या नांगीची, न भांडणारी निवडून तिने हे वाण केलंय. आयांच्या टाकीत चाळीस माद्या आहेत, बऱ्याच जणींच्या शेपटीखाली अंडी आहेत. ती टाकी गेली तर वाण गेलं. बाजारात ते मिळत नाही.

शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल? माझं नाव नाही. "आया कशा आहेत?"

काम सोपं आहे. संध्याकाळी एकदा खाद्य, टाकीमागे एक वाटी. ते मी मिसळून पिंपात भरून ठेवलंय. दहा मापांत तीन मापं सुक्या मासळीची पूड, दोन सोयाबीनची पेंड, पाच पीठ-कोंडा. प्रथिनं शंभरात तेहतीस. गिरणीत तराजूवर आयुष्य गेलं माझं, खाद्य हे माझं खातं. बाकी सगळं तिचं. पाण्याचं तिनं तुला सांगितलंच आहे. सकाळी टाकीत एक नजर टाक, मेलेलं दिसलं तर काढ, नाहीतर पाणी नासतं.

फोन करू नकोस. तुझा आवाज शेजारच्या तीन पलंगांना ऐकू जातो. समोरच दूध डेअरी आहे, तिथला गाडीवाला रोज तुमच्याकडून येतो. त्याच्याकडे चिठ्ठी दे.

दादा


६ मार्च

दादा,

वहिनी शुद्धीवर येऊन टाकीचं विचारते म्हणजे ती बरीच बरी आहे. तू आपला स्वतःचं नाव शोधत बसलास!

मी इथे बरी आहे. मशीन टाक्यांच्या शेडमध्येच लावलंय, उजेड चांगला येतो. चार टाक्यांमधून बुडबुडे निघत असतात आणि मी परकर शिवत असते. बोलायला कोणी नाही. तुझे भावजी गेल्यापासून तशी सवय आहे, पण तिथे निदान शेजारीण भांडायची.

आता वाईट. काल सकाळी तीन मेलेले दिसले, आज नऊ. सगळे पिल्लांच्या टाक्यांत. आयांच्या टाकीत नाही. मला रडू आलं रे. एवढीशी दोन बोटांएवढी, नांग्या पसरून तळाशी पडलेली, डोळेसुद्धा जिथल्या तिथे. गाळणीने काढली, कागदात बांधली आणि नळाशेजारच्या झाडाखाली पुरली. नुसती फेकून द्यायला हात होईना.

माझ्या हातून काही चुकलं का? वाटी शिगेला भरते, मापात फरक नाही. वहिनीला सांगू नकोस. तू सांग काय करू.

चिऊ


८ मार्च

चिऊ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझं काही चुकलेलं नाही, चूक माझी आहे.

या जनावराला वाढीच्या वयात प्रथिनं लागतात. ती कमी पडली की अंग भरत नाही, कवच कच्चं राहतं, आणि भूक भागली नाही की ही एकमेकांना खातात. या खेपेची सोयाबीनची पेंड जुनी होती. गिरणीत मला तिचा वास आला होता, पण ऑपरेशनच्या गडबडीत मी तशीच मिसळली. म्हणजे मी तेहतीस म्हणतोय आणि पोटात जात असणार पंचवीस. आता असं कर. फळीवर नवीन पोती आहेत. चार मापं मासळीची पूड, तीन सोयाबीन, तीन पीठ. गोळ्या पाडायचं यंत्र तुला चालवता येतं. चाळीसपर्यंत जाईल. आयांनाही तेच घाल.

इथेही तेच चाललंय. डॉक्टर म्हणाले, जखम भरायला प्रथिनं हवीत. मी दिवसाला चार अंड्यांचा पांढरा भाग, दूध, डाळीचं पाणी घेऊन जातो. ती दोन घास घेते आणि भिंतीकडे तोंड करते. मी वाटी धरून उभा राहतो. नर्स हसते मला.

एक काम कर. माझ्या पत्राबरोबर तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी पाठवत जा. सगळं छान आहे, आया मजेत आहेत, असं. खोटं लिहायला सांगतोय, देवाला मी उत्तर देईन. पण ती त्या टाक्यांवर जगते आहे, चिऊ. संध्याकाळी मी गेलो की आधी माझ्या तोंडाकडे बघते. तिला आत्ता नऊचा आकडा सांगणं मला जमणार नाही.

दादा


१३ मार्च

दादा,

तिची चिठ्ठी वेगळी घडी करून ठेवलीय, निळ्या कागदावर. त्यात लिहिलंय की आया खाऊन-पिऊन पाइपांत लोळतात. शाळेत निबंधाला मला इतके मार्क कधी पडले नव्हते.

खरं ते हे. तू सांगितलेलं खाद्य चार दिवस घातलं. मंगळवारी चौदा गेले, आज बावीस. तुझं बरोबर होतं, ती एकमेकांना खातात. मी एक उचलून उजेडात धरलं तर आत काही नाहीच. पाठीवर चीर आणि आतून सगळं पोखरून खाल्लेलं, नुसतं टरफल. इतकी साफसफाई तर मीसुद्धा भांड्याची करत नाही. नांगीच्या टोकापर्यंत रिकामं. किती भूक असेल रे त्यांना!

आणि जिवंत आहेत ती दिसेनाशी झालीत. पाइपांच्या तुकड्यांत खोल जाऊन बसतात, बाहेर येत नाहीत. घाबरली असतील एकमेकांना.

झाडाखालची माती आता भुसभुशीत झालीय. मी रोज सकाळी वहीत आकडा लिहिते. आजवर सत्तर. तुझ्या भावजींच्या वेळी हॉस्पिटलात मी अशीच रोज ताप लिहीत होते. वही बदलली, मी तीच.

गाडीवाला म्हणाला, "ताई, तुमच्या भावाला भेटायला जात का नाही? मी नेतो." मी म्हटलं, मला इथे माणसं मोजायची आहेत.

चिऊ


१५ मार्च

चिऊ,

सत्तर.

मी खिडकीपाशी बसून तुझं पत्र वाचलं आणि समोर वॉर्डात तिच्या खिडकीचा पडदा हलला. मला वाटलं तिने पाहिलं. पत्र उशीखाली घातलं. पन्नाशीला आलेला माणूस स्वतःच्या बायकोपासून कागद लपवतो.

पोखरून खातात म्हणजे अजून कमी पडतंय. पाच मापं मासळी, तीन सोयाबीन, दोन पीठ. आणि सकाळीही एक वाटी घालायला लाग. त्यांच्या पोटाला एवढं मिळू दे की दुसऱ्याकडे बघायची गरज पडणार नाही. मला याहून वेगळं काही सुचत नाही.

इथून चार पावलांवर एक लहान देऊळ आहे. मी मागायला जात नाही, तशी सवय नाही. नुसता बसतो. पण परवा मागितलं. म्हटलं, दोन्हीकडे खायला घालायचं काम माझ्याकडे दिलंस, मग दोन्हीकडे अंगी का लागत नाही?

तिला आज अंडं खाऊन उलटी झाली. म्हणाली, "तुम्ही माझ्याकडे खाद्याच्या पिंपासारखं बघता." मी हसलो. बाहेर आल्यावर हसू राहिलं नाही.

तुझी निळी चिठ्ठी तिला वाचून दाखवली. पाइपांत लोळतात म्हटल्यावर तिने डोळे उघडले. "दिवसासुद्धा? सगळी?" मी हो म्हटलं. "पाइपात तोंड आत करून की बाहेर?" मी म्हटलं, ते चिऊने लिहिलं नाही. मग तिने चिठ्ठी माझ्या हातून घेतली आणि स्वतः पुन्हा वाचली. तिला संशय आला असेल का?

दादा


२१ मार्च

दादा,

या वेळी निळी चिठ्ठी नाही. मला लिहिता आली नाही, आणि यापुढे लिहिणार नाही.

तीन दिवसांपासून पाण्याला वास येतोय. वर फेस धरलाय, हात घातला तर बुळबुळीत लागतं. सकाळचं खाद्य संध्याकाळी तसंच तळाशी पडलेलं असतं, वर पांढरी बुरशी. ती सगळी पाइपांतून बाहेर आलीत आणि हवेच्या नळीवर चढून बसलीत, एकावर एक, पाण्याच्या वर येऊन. काल एक टाकीबाहेर पडून माझ्या मशीनखाली सापडलं. वहिनीने पाणी तपासायला ठेवलेली ती कागदाची पट्टी पाण्यात बुडवली तर गडद हिरवी झाली. डबीवर गडद हिरव्यापुढे कवटी काढलीय.

आणि दादा, पुन्हा मेली. या वेळची वेगळी आहेत. ती आधीची हलकी होती, कागदात बांधताना फुंकरीने उडायची. ही जड आहेत. मऊ पडलेली, शेपटी सैल सुटलेली, आणि घाण वास. पिल्लांत एकतीस. आयांच्या टाकीत पाच. त्यातल्या दोघींच्या पोटाखाली अंडी होती. मी पुरताना अंडी बघितली आणि तिथेच मातीत बसून राहिले.

तू सांगितलंस तसंच केलं. वाटी शिगेला, मापात फरक नाही. मला झेपत नाही आता. तू वहिनीला सांग. ती रागावेल, रडेल, पण टाक्या तिच्या आहेत. तिला न विचारता तिचं घर आपण दोघं चालवतोय आणि आपल्याला दोघांनाही त्यातलं कळत नाही.

तू सांगणार नसशील तर रविवारी मीच गाडीवाल्याबरोबर येते आणि वॉर्डात उभी राहून सांगते. माझा आवाज तुला माहीत आहे.

चिऊ


२३ मार्च

चिऊ,

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. हाताला सुई आहे.

तुझ्या दादांच्या पिशवीत अंडी शोधत होते. खायला नव्हे, नर्सला देऊन टाकायला. तळाशी तुझी पत्रं मिळाली. सगळी वाचली. मग त्यांना बोलावलं आणि समोर बसवलं. तोंड असं झालं होतं, जसं शाळेत पाटीवर काही चुकलंय हे आधीच माहीत असलेल्या पोराचं होतं.

आधी काम. पत्र मिळाल्याबरोबर खाद्य बंद. दोन दिवस एक गोळीसुद्धा नको. उपाशी मरत नाहीत. तळाचं सडकं नळीने ओढून काढ. रोज टाकीतलं एक तृतीयांश पाणी बदल, जास्त नको. मागच्या हौदातलं ठेवणीचं पाणी घे, नळाचं थेट घालू नकोस. हवेची दुसरी मशीन फळीखाली आहे, आयांच्या टाकीला लाव. पट्टी पिवळी होईपर्यंत हेच.

आता दुसरं. खाली बस आणि वाच. ती पहिली सत्तर मेलेली नव्हती.

ती कात होती, चिऊ. ही जनावरं अंगाने वाढतात पण कवच वाढत नाही. मग पाठीला चीर पाडून आतून निघतात आणि जुनं कवच सोडून देतात. डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट, नांगीच्या टोकापर्यंत. बघितलं तर हुबेहूब मेलेलं. निघालेलं जनावर लोण्यासारखं मऊ असतं, म्हणून पाइपात तोंड आत करून लपून बसतं. कोणी कोणाला पोखरलं नाही. आठ-नऊ दिवसांत सत्तर काती म्हणजे माझ्या टाक्यांत कधी नव्हती एवढी छान वाढ चालली होती. ह्यांच्या जुन्या पेंडीतही काही खोट नव्हती. तेहतीस त्यांना पुरत होते.

ती कात त्यांची तीच खातात, नवं कवच कडक व्हायला. तू बिचारी रोज त्यांच्या तोंडचं काढून पुरत होतीस. आणि हे इकडून प्रथिनं वाढवत होते. जास्तीचं प्रथिन अंगात साठवून ठेवता येत नाही. जिवाला लागतं तेवढं घेतात, उरलेलं जाळून टाकतात, आणि ते अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे पाण्यातच बाहेर पडतं. न खाल्लेलं तळाशी सडतं ते वेगळं. तेच ते पट्टीवरचं हिरवं. आजार नव्हताच. औषधानेच मारलं.

ह्यांना म्हटलं, अकरा वर्षं माझ्याबरोबर राहून तुम्हाला कात माहीत नाही? म्हणाले, शब्द माहीत होता, पाहिली नव्हती. तेही खरंच. हे उठून शेडमध्ये यायच्या आत जनावरांनी ती खाऊन टाकलेली असते. आणि सकाळी मी यांना आत येऊ देत नव्हते, पावलं आपटत चालतात म्हणून.

मला रडू आलं का, असं तू विचारशील. आलं. त्या दोन आयांसाठी. पण खरं सांगू, पंधरा दिवस मी या छताखाली पडून कोणीतरी काहीतरी लपवतंय म्हणून घाबरत होते. मला वाटलं, डॉक्टर यांना माझ्याबद्दल काही बोललेत. रोज यांचं तोंड बघत होते ते त्यासाठी. गाठीचं नव्हतं, क्रेफिशचं होतं, हे कळल्यावर मी रडता रडता हसले. शेजारच्या पलंगावरच्या आजी म्हणाल्या, हिला इंजेक्शन चढलं.

तुझ्यावर राग नाही. वाटी शिगेला भरलीस ना, बस.

वहिनी


२८ मार्च

वहिनी आणि दादा,

दोघांना एकच पत्र. आता वेगळे कागद नाहीत.

खाद्य बंद केलं. नळीने इतकं सडकं निघालं की शेडची दारं दिवसभर उघडी ठेवावी लागली. पाणी बदलून बदलून खांदे भरून आलेत. पट्टी परवा पोपटी होती, आज पिवळी आहे. मी ती वहीत चिकटवून ठेवलीय.

आयांचं सांगते. पाचानंतर आणखी चार गेल्या. वहिनी, मला माफ कर. आज सगळे पाइप एकेक उचलून हलक्या हाताने मोजल्या. एकतीस आहेत. त्यांतल्या अकराजणींच्या पोटाखाली अंडी आहेत. एकीची अंडी काळपट झालीत आणि त्यांत डोळे दिसतात. वाण आहे, वहिनी. कमी आहे, पण आहे.

आणि मी त्या झाडाखाली उकरलं. तुझं पत्र मिळालं तेव्हा दुपार होती, ऊन मी म्हणत होतं. कागद कुजले होते, पण टरफलं तशीच होती. हलकी. त्या दिवशी हातात घेतली तेव्हा माझ्या का लक्षात आलं नाही? मेलेलं माणूस किती जड होतं हे मला माहीत आहे. मीच उचलायला होते. तरी कळलं नाही. मला आता कुठेही काही निजलेलं दिसलं की आधी तेच वाटतं.

वाटी भरून टरफलं धुतली आणि पिल्लांच्या टाक्यांत सोडली. मशीन बंद करून बघत बसले. थोड्या वेळाने एक जण पाइपातून आला. दोन्ही हातांनी धरून कुरतडायला लागला, सावकाश, जसा म्हातारा माणूस खारी खातो. मग दुसरा. वही काढली आणि सत्तरवर रेघ मारली. रेघ मारून बरं वाटलं.

गाडीवाला विचारत होता, माणसं मोजून झाली का? त्याला टाक्या दाखवल्या. बराच वेळ वाकून बघत होता. मग म्हणाला, "ताई, विंचूच की हे." मला वहिनीची ती बादली आठवली.

चिऊ


२ एप्रिल

चिऊ,

थकलो आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. शुक्रवारी येतो आहोत. डॉक्टरांनी तिला सोडायचं ठरवलं. मी त्यांना सगळं विचारलं, अंड्यांचंही. ते म्हणाले, दोन पुरे आहेत, आणि तेही तिला भूक असेल तेव्हा. मी तिच्यापुढे वाटी धरून उभा राहायचं बंद केलं त्याला आठवडा झाला. आता ती स्वतःहून मागते. कधी मागत नाही, तर मी बसून राहतो. जमतंय.

एकतीसचा आकडा तिने कागदावर लिहून उशाला ठेवलाय. नऊ आया माझ्या मापाने गेल्या. ते माझ्याजवळ राहील. देवळात जाऊन सांगितलं. तिथे हिशेब कोणी मागत नाही, तरी सांगितलं.

एक सांगायचं राहिलं. काल दुपारी जेवण घेऊन वॉर्डात गेलो. तिचा पलंग रिकामा. चादर सरळ, आणि चादरीवर तिचा तो हॉस्पिटलचा निळा गाऊन पडलेला, बाह्या दोन्हीकडे पसरलेल्या, जशी ती झोपते तशाच. आत ती नव्हती. चिऊ, माझ्या हातातला डबा खाली पडला. शेजारच्या आजी झोपल्या होत्या, विचारायला कोणी नाही. मी तिथेच पलंगाच्या कडेला टेकलो. तुझं झाडाखाली काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं.

मग मागून भिंतीला धरून कोणीतरी चालत आलं. घरची साडी नेसलेली, केस ओले. नर्सने न्हाऊ घातलं होतं. माझ्याकडे बघितलं, सांडलेल्या डाळीकडे बघितलं, गाऊनकडे बघितलं.

"उचलून बघायचा होता," ती म्हणाली. "हलका होता ना?"

ती चालत खिडकीपाशी गेली. मी डाळ पुसली.

शुक्रवारी सकाळची दुधाची गाडी. टाक्यांत कात दिसली तर राहू दे.

दादा